लुगड्याची गोधडी



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर नाहीतर नाट्यसंगीतावर बोलावे असा संकेत आहे. आम्ही मात्र गोधडीवर बोलणार आहोत, आणि तीही लहान. आरामखुर्चीत बसलेल्या वृद्ध माणसाच्या मांडीपासून पावलांपर्यंत पुरेल एवढी. महाराजपुरातील जानेवारीची सकाळ ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना तिची गरज सांगावयास नको. बाजारची रजाई खुर्चीवरून घसरते आणि दुखऱ्या गुडघ्यांना तिचे ओझे होते.

आपल्या हिंदीभाषक शेजारणी हिला कथरी म्हणतात. आपल्याकडे गोधडी, वाकळ. गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणत, ते त्यांच्या ठिगळांच्या वेशामुळेच. मात्र मराठी घरातील गोधडीचा जीव लुगड्यात आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जबलपूर व नागपूर एकाच राज्यात होती. नोकरीच्या बदलीने इकडे आलेल्या घरांतून नागपुरी सुती लुगडीही आली. ती नेसणाऱ्या आता फार थोड्या उरल्या. लुगडी मात्र ट्रंकांत डांबराच्या गोळ्यांसह पडून आहेत. आठवण म्हणून ती जपली, हे योग्यच. पण वर्षानुवर्षे एकाच घडीवर राहिलेले कापड घडीवरच विरते, आणि मग त्याची गोधडीही होत नाही.

कापड निवडताना रंगाआधी त्याचे वय पाहावे. कोरे कापड जुन्यात मिसळले तर पहिल्याच धुण्यात ते आटते व साऱ्या गोधडीला चुण्या पडतात. मिसळायचेच तर आधी दोनतीनदा धुऊन घ्यावे. नायलॉन, टेरिलीन वर्ज्य. ते घाम टिपत नाही आणि सुती थरावर सरकते. नऊवार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. सव्वा मीटरचे तुकडे केले तर एका लुगड्यात सहा थर होऊन वर थोडे कापड उरते. बसण्याच्या जागी विरलेला भाग आत घालावा, पदर वर ठेवावा. आतल्या थरांचे काठ कापून घेतले म्हणजे कडा जाड होत नाही आणि गोटाला पट्ट्याही मिळतात. सरळ कडेला तिरप्या पट्टीची गरज नाही.

थर सतरंजीवर पसरून, हाताने मधून कडेकडे सारखे करून, लांब कच्चे टाके उभे-आडवे घालावेत. हे काम कंटाळवाणे खरे, पण ते टाळले तर पुढे सगळी चूण मध्यभागी गोळा होते. मग कडेपासून आत, चौकोनात चौकोन, बोटभर अंतराने धावदोरा. उत्तर कन्नडमधील सिद्दी स्त्रियाही आपली कवंदी कडेकडून मध्याकडेच शिवतात, आणि कोपऱ्यांना कापडी फुले लावल्यावाचून ती पुरी मानीत नाहीत. मशीनवर हे काम लवकर उरकते, पण गोधडी ताठ होते, असे आमचे मत आहे. गोट मात्र वरच्या बाजूने मशीनवर जोडावा, कोपऱ्याला घडी द्यावी, आणि उलट्या बाजूने हाताने बारीक टाके घालून बसवावा.

लुगड्याला कात्री लावण्यास मन धजत नाही, असे अनेकींनी आम्हांला सांगितले आहे. त्यांनी ते न कापता मंडळात आणावे. कात्री आम्ही लावू. पदर सर्वांत वर राहील आणि गोधडी त्याच घरी परत जाईल.