आधी इयत्ता, मग परीक्षा
(बेंगळुरू येथील मराठी पदवीधर व पालक यांच्यापुढे केलेले भाषण)



शालेय गणिताचे मान्यताप्राप्त शिक्षक कसे व्हावे, या विषयावर मी बोलावे असे सुचविण्यात आले, तेव्हा मला प्रथम संकोच वाटला. मी गणिताची शिक्षिका नव्हे. मी भाषांतरकार आहे. परंतु शिक्षणविषयक ग्रंथांचे भाषांतर करीत असताना या क्षेत्रातील कायदे, नियम आणि अभ्यासक्रम मला वारंवार वाचावे लागले. त्याचबरोबर येथील मराठी घरांतून एक प्रश्नही वारंवार कानी आला. मुलीने बी.एस्सी. केले आहे, गणित चांगले आहे, शिकविण्याची आवड आहे. तर तिने कोणती परीक्षा द्यावी? या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी आपणच एक प्रश्न विचारावा लागतो: तिला कोणत्या इयत्तेला शिकवावयाचे आहे? हा प्रश्न वेळीच न विचारल्यामुळे उमेदवाराच्या आयुष्यातील दोन-दोन वर्षे वाया जाऊ शकतात. म्हणून भाषणाचे सार प्रारंभीच सांगते. आधी इयत्ता ठरवावी, मग अभ्यासक्रम निवडावा आणि परीक्षेचा विचार सर्वांत शेवटी करावा.

एके काळी ही वाट इतकी आखीव नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पदवी आणि विषयाची जाण यांच्या बळावर तरुण मंडळी शाळेत शिकवू लागत. गोपाळ कृष्ण गोखले पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवू लागले आणि शाळांसाठी त्यांनी अंकगणिताचे पुस्तकही तयार केले. आज मात्र केवळ विद्वत्ता पुरेशी नाही. संसदेने २००९ मध्ये बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा संमत केला आणि तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. या कायद्याच्या तेविसाव्या कलमानुसार शिक्षकाची किमान अर्हता ठरविण्याचा अधिकार राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेकडे आला. परिषदेने २३ ऑगस्ट २०१० रोजी अधिसूचना काढून पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी अर्हता निश्चित केली, आणि शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजेच आपण जिला टी.ई.टी. म्हणतो ती, अनिवार्य केली.

आता इयत्तांप्रमाणे पायऱ्या पाहू.

पहिली पायरी पहिली ते पाचवीची. येथे बारावीला किमान पन्नास टक्के गुण, त्यानंतर प्राथमिक शिक्षणातील दोन वर्षांची पदविका, म्हणजे डी.एल.एड., आणि टी.ई.टी.चा पहिला पेपर अशी सर्वसाधारण वाट आहे. या वर्गांत गणितासाठी स्वतंत्र शिक्षक सहसा नसतो. एकच शिक्षक भाषा, गणित आणि परिसर अभ्यास शिकवितो.

दुसरी पायरी सहावी ते आठवीची. येथे पदवी हवी, आणि तिच्या जोडीला डी.एल.एड. किंवा बी.एड.; शिवाय टी.ई.टी.चा दुसरा पेपर. कर्नाटकात या शिक्षकाला पदवीधर प्राथमिक शिक्षक म्हणतात. गणिताचा म्हणून वेगळा शिक्षक येथूनच सुरू होतो, तोही एकट्या गणिताचा नव्हे, तर गणित आणि विज्ञान या जोडविषयाचा.

तिसरी पायरी नववी-दहावीची. पदवी आणि बी.एड. ही तिची किमान अर्हता. आपणांपैकी जे महाराष्ट्रातून नुकतेच आले असतील त्यांच्यासाठी एक खुलासा करते. कर्नाटकात माध्यमिक शाळेला कन्नडमध्ये प्रौढशाळा म्हणतात आणि तिची सुरुवात आठवीपासून होते. जाहिरातीत हा शब्द दिसला तर प्रौढ साक्षरतेचा वर्ग समजून पान उलटू नये.

चौथी पायरी अकरावी-बारावीची, म्हणजे येथील भाषेत पदवीपूर्व महाविद्यालयाची. तेथे गणितातील पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. लागते.

बी.एड.चा अभ्यासक्रम पूर्वी एक वर्षाचा होता. २०१४ च्या विनियमांनी तो दोन वर्षांचा झाला आणि त्यात वीस आठवड्यांचे शाळेतील प्रत्यक्ष काम आले. प्रवेशासाठी पदवीला सामान्यतः पन्नास टक्के गुण लागतात. अभियांत्रिकीच्या पदवीधरांनाही, त्यांनी विज्ञान व गणित यांचा विशेष अभ्यास केला असल्यास, पंचावन्न टक्के गुणांवर प्रवेशाची तरतूद त्याच विनियमांत आहे. बेंगळुरूत संगणक-उद्योगातील नोकरी सोडून शिकविण्याकडे वळू पाहणारी मंडळी भेटतात. त्यांनी ही तरतूद ध्यानात ठेवावी. मात्र बी.एड.ला प्रवेश मिळणे आणि गणित-शिक्षकाच्या पदासाठी पात्र ठरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पदवीच्या कोणत्या वर्षांत कोणते विषय घेतले होते, हे नेमणूक करणारी संस्था तपासते. ज्या संस्थेत नोकरी हवी असेल तिचे सेवाप्रवेशाचे नियम आधी वाचावेत आणि मगच दोन वर्षांचे शुल्क भरावे.

ज्यांचे बारावीतच ठरले असेल त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे, चार वर्षांच्या संयुक्त पदवीची. म्हैसूरची प्रादेशिक शिक्षण संस्था १९६३ मध्ये स्थापन झाली आणि विज्ञान व अध्यापन यांची एकत्रित पदवी देण्याची परंपरा तिने दीर्घकाळ चालविली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा कलही अशाच पदवीकडे आहे. २०३० पर्यंत चार वर्षांची संयुक्त पदवी हीच शिक्षकाची किमान अर्हता व्हावी, असे त्या धोरणात म्हटले आहे. या मार्गात एक वर्ष वाचते. परंतु सतराव्या वर्षी आपला निश्चय पक्का आहे किंवा कसे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

इयत्ता आधी ठरवा, असे मी आग्रहाने का म्हणते, ते आता सांगते. २८ जून २०१८ रोजी परिषदेने एक अधिसूचना काढून बी.एड. झालेल्यांना पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठीही पात्र ठरविले होते. नेमणुकीनंतर त्यांनी सहा महिन्यांचा सेतू-अभ्यासक्रम पूर्ण करावा, अशी अट होती. देशभरातील अनेक उमेदवार त्या भरवशावर राहिले. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा मार्ग बंद केला. लहान मुलांना शिकविण्याची कला ही वेगळी आहे, ती डी.एल.एड.मध्ये शिकविली जाते, बी.एड.मध्ये नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. कित्येकांना हा निकाल कठोर वाटला आणि ज्यांची वर्षे गेली त्यांच्या दुःखाला तोड नाही. परंतु त्यामागील विचार नाकारता येत नाही. मोठी पदवी म्हणजे लहान वर्गाचीही पात्रता, ही आपली समजूतच मुळात चुकीची होती.

दुसरा निकाल १ सप्टेंबर २०२५ चा. सेवेत असलेल्या ज्या शिक्षकांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरला आहे, त्यांनीही दोन वर्षांत टी.ई.टी. उत्तीर्ण व्हावे, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले. पाच वर्षांहून कमी काळ उरलेल्यांना परीक्षेविना सेवेत राहता येईल, पण पदोन्नती मिळणार नाही. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आला. यातून नव्या उमेदवाराने एवढेच घ्यावे की, आज एखाद्या शाळेत टी.ई.टी.वाचून नोकरी मिळाली तरी ती वाट सुरक्षित नव्हे.

आता प्रत्यक्ष परीक्षा. १५० प्रश्न, १५० गुण. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. उत्तीर्ण होण्यास साठ टक्के, म्हणजे नव्वद गुण लागतात. राखीव प्रवर्गांना सवलत देता येते. दुसऱ्या पेपरात बालविकास व अध्यापनशास्त्र यांचे तीस प्रश्न, दोन भाषांचे प्रत्येकी तीस आणि उरलेले साठ गणित व विज्ञान यांचे. म्हणजे गणिताच्या पदवीधराला जेथे आत्मविश्वास वाटतो तो भाग एकंदर परीक्षेच्या फार तर पंचमांश! रसायन आणि जीवशास्त्र ज्याने दहावीनंतर उघडून पाहिले नाही, त्याने प्रथम आठवीपर्यंतची विज्ञानाची पाठ्यपुस्तके वाचून काढावीत. केंद्रीय परीक्षेत गणिताच्या तीस प्रश्नांपैकी दहा प्रश्न गणित कसे शिकवावे यावर असतात, तेही अनेकांच्या हिशेबात नसते.

कर्नाटक शासनाची टी.ई.टी. वेगळी आणि केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये यांसाठी उपयोगी पडणारी केंद्रीय परीक्षा वेगळी. केंद्रीय परीक्षेच्या भाषांत मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. कर्नाटकाच्या परीक्षेतही पहिल्या भाषेच्या यादीत मराठीला स्थान आहे. बेळगाव भागात मराठी माध्यमाच्या शाळा असल्यामुळे ते स्वाभाविकच होय. परंतु राज्याच्या सेवेत शिरावयाचे तर कन्नडचे ज्ञान हवेच. पूर्वी टी.ई.टी.चे प्रमाणपत्र सात वर्षांपुरते असे. २०२१ मध्ये ते आजीवन झाले. तरीही ते नोकरीचे हक्कपत्र नव्हे. त्यानंतर भरतीची स्पर्धा-परीक्षा असतेच.

एक सावधगिरीची सूचना. ज्या महाविद्यालयात प्रवेश घ्यावयाचा त्याला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता त्या वर्षी आहे काय, हे माहितीपुस्तिकेवर विसंबून न राहता स्वतः पडताळून पाहावे. मान्यता नसलेल्या संस्थेची पदवी भिंतीवर शोभते, सेवापुस्तकात नाही.

येथवर नियम झाले. आता आपणांपैकी कोणी विचारील की, ज्याला गणित येते त्याला ते शिकविताही येईल. मग हा सारा खटाटोप कशासाठी? मी भाषेची अभ्यासक, म्हणून भाषेतलेच उदाहरण देते. मराठीत आपण 'पंचवीस' म्हणतो; त्यात पाच आधी येतात, वीस मागून. लिहिताना मात्र दोन आधी, पाच मागून. ऐकलेल्या क्रमाने लिहिणारे मूल बावन्न लिहून मोकळे होते. कन्नडमध्ये हीच संख्या 'इप्पत्तैदु', म्हणजे वीस आणि पाच. बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम एकच. घरी मराठी, अंगणात कन्नड आणि वर्गात इंग्रजी बोलणारे बेंगळुरूतील मूल एकाच संख्येला तीन नावांनी ओळखते. त्याने पंचविसाच्या जागी बावन्न लिहिले, तर त्याला गणित येत नाही असे म्हणावयाचे, की त्याने आपल्या मातृभाषेचे तंतोतंत लेखन केले असे म्हणावयाचे?

हा प्रश्न काल्पनिक नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असे वाचन देण्यात आले, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! वर्तमानपत्रांत आणि विधिमंडळातही त्याची चर्चा झाली. त्या वेळी गणित समितीच्या अध्यक्षा असलेल्या मंगला नारळीकर या स्वतः गणितज्ञ. जोडाक्षरांनी भरलेली संख्यानामे लहान मुलांना अवघड जातात आणि त्यामुळे त्यांच्या मनात गणिताची भीती बसते, ही त्यांची भूमिका होती. ती कोणाला पटो वा न पटो. पण मुलाची चूक कोठून उगम पावते याचा शोध घेणे, हे शिक्षकाचे शास्त्र आहे आणि ते गणिताच्या पदवीत शिकविले जात नाही.

दुसरे उदाहरण अपूर्णांकांचे. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश, असे उत्तर मुले देतात. गणित जाणणारा ते खोडून पाच षष्ठांश लिहितो. शिक्षक मात्र मुलाला विचारतो, "अर्ध्या भाकरीत आणखी भर घातली, तर उरलेली भाकरी अर्ध्याहून कमी कशी होईल?" मूल स्वतःच थबकते. त्या थबकण्यात गणिताचा आरंभ आहे. बी.एड.मधील वीस आठवडे हा प्रश्न विचारावयास शिकण्यासाठी असतात. ज्यांनी ते केवळ पाठ-टिपणांच्या वह्या भरण्यात घालविले, त्यांनी पदवी मिळविली आणि संधी दवडली.

समारोप करण्यापूर्वी एका शिक्षकाचे स्मरण करते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे १९३० ते १९६२ या काळात देवळालीस शाळेत शिकवीत होते. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, फक्त तिचे सर्व अंक सारखे नसावेत. ते अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी आणि उत्तरावर हीच कृती पुन्हा करीत जावे. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते आणि मग ती हलत नाही. ३५२४ घेऊन पाहा: ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. वजाबाकी येणाऱ्या कोणत्याही मुलाला करता येईल अशी ही गोष्ट आज जगभर कापरेकरांच्या नावाने ओळखली जाते.

हा आनंद कोणत्याही पात्रता परीक्षेत मोजला जात नाही. तो आपणांजवळ असेल, तर नियमांची वाट कंटाळवाणी असली तरी चालून जावी. कारण वर्गाचे दार त्या वाटेनेच उघडते, आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या जाणकाराचा आतल्या मुलांना उपयोग नसतो. मात्र कोणत्या वर्गाचे दार, हे आजच घरी जाऊन ठरवा.