जुना प्लग फेकण्याआधी



या व्यासपीठावर मोठमोठे विषय झाले आहेत. मी मात्र मुठीत मावेल अशी वस्तू घेऊन आलो आहे. हा पेट्रोल गाडीचा स्पार्क प्लग. समोर बसलेल्या साठीपुढच्या मंडळींना त्याची ओळख करून द्यावी लागणार नाही. स्कूटरच्या डिकीत एक जादा प्लग आणि प्लगपाना असायचाच. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जळायचं, प्लग कार्बन धरायचा आणि ऐन घाटात गाडी बंद पडायची. मग कडेला थांबून प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारून परत बसवायचा, की पुढे निघालो. कॉलेजातल्या पोरांनासुद्धा हे येत होतं. तीच माणसं पुढे चारचाकीत बसली आणि त्यांचा बॉनेटशी संबंध सुटला. मला याची खरोखर खंत वाटते, म्हणून हा विषय मी मागून घेतला.

प्लगच्या टोकाशी एक बारीक फट असते. गाडीप्रमाणे साधारण ०.७ ते १.१ मिलिमीटर. दाबलेल्या पेट्रोल-हवेच्या मिश्रणात या फटीतून ठिणगी उडते. फोर-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर एकेका प्लगमधून सेकंदाला २५ ठिणग्या. पुण्याहून मुंबईला जायला तीन तास धरले, तर एका प्लगच्या वाट्याला २ लाख ७० हजार ठिणग्या येतात. प्रत्येक ठिणगी टोकाचा कणभर धातू खाते. फट रुंदावली की ती ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं, कॉइलवर ताण येतो, आणि एक दिवस चढावर गाडी मिसिंग करायला लागते. निकेल टोकाचा साधा प्लग बहुतेक गाड्यांत ३०-४० हजार किलोमीटरच्या आसपास बदलावा लागतो. इरिडियमचा कितीतरी जास्त टिकतो, कारण निकेल १४५५ अंशांना वितळतं आणि इरिडियम २४४६ अंशांना. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत ठिणगी पाडायला जास्त जोर लागतो, तिथे प्लग लवकर बघावेत.

ठिणगीची ही युक्ती जुनी आहे. १८६० साली पॅरिसमध्ये लेन्वारने आपल्या गॅस इंजिनात विजेची ठिणगी वापरली. १९०२ मध्ये श्टुटगार्टला बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्डने ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज तयार करणारा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा प्लग तयार केला. बाहेर लोखंडी कवच, आत चिनी मातीसारखा पांढरा रोधक, त्यातून गेलेली सळई. ती घडण आजही ओळखता येते.

आता घरी प्लग बदलण्याविषयी. इंजिन पूर्ण थंड हवं. हे मी दोनदा सांगणार आहे, कारण माझ्या पहिल्या गाडीला, तीन सिलिंडरच्या ७९६ सीसीला, मी घाईत गरम असतानाच हात घातला. हेड ॲल्युमिनियमचं. प्लग निघाला तो हेडचे आटे बरोबर घेऊनच. पुढे हेड उतरवून नवे आटे घालून घ्यावे लागले, आणि तो खर्च तीन प्लगांच्या किमतीच्या कैकपट होता. तर इंजिन थंड हवं. सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, हे काम करा.

प्लग खोल विहिरीसारख्या खळग्यात बसतो. पाना लावण्याआधी त्यातली धूळ हवा मारून काढा, नाहीतर प्लग निघताच ती थेट सिलिंडरमध्ये उतरेल. वायर असलेली जुनी गाडी असेल, तर एका वेळी एकच प्लग बदला. वायरींची अदलाबदल झाली की ठिणगी भलत्या सिलिंडरला जाते. वायर ओढायची नाही, तिची टोपी धरून काढायची.

नवा प्लग बसवताना पान्याला रॅचेट लावूच नका. हाताने फिरवा. आधी किंचित उलटा फिरवला की आटे जुळल्याचं बोटांना कळतं, मग सुलटा. तीन-चार फेरे अलगद गेले पाहिजेत; अडला तर काढून पुन्हा सुरुवात. टेकला की नव्या वॉशरच्या साध्या प्लगला अर्धा फेरा, फार तर थोडा वर. खोक्यावर कोन छापलेला असतो, तोच प्रमाण. आणि प्लगचा नंबर मनाने बदलू नका. नंबरातला आकडा प्लग उष्णता किती झपाट्याने बाहेर टाकतो ते सांगतो, पण एनजीकेच्या प्लगवर मोठा आकडा म्हणजे थंड प्लग, बॉशच्या प्लगवर मोठा आकडा म्हणजे गरम प्लग. गाडीच्या पुस्तकातला नंबरच आणा.

पण मी इथे खरं तर जुन्या प्लगसाठी आलो आहे. गॅरेजमध्ये तो कचऱ्याच्या डब्यात जातो आणि त्याच्याबरोबर इंजिनाची हकीकतही जाते. टोक फिकट तपकिरी असेल, तर जळण नीट आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टर बघा. पांढरं पडून फोड आले असतील, तर तो सिलिंडर फार तापतोय, गाडी चालवण्याआधी मेकॅनिकला दाखवा. खालचं टोक तेलकट ओलं असेल, तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील. तेल फक्त वरच्या अंगाला, खळग्यात असेल, तर बहुधा वरच्या कव्हरचं गॅस्केट, आणि ते तुलनेने स्वस्तातलं काम.

गेल्या महिन्यात माझ्या भाचीची गाडी मिसिंग करत होती. कॉइल बदला, असा सल्ला तिला मिळाला होता. रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिने स्वतः चारही प्लग काढले. पुठ्ठ्याला चार भोकं पाडून, सिलिंडरचा क्रमांक लिहून, त्यात एकेक खोवला. तो पुठ्ठा मी आज आणला आहे. व्याख्यान संपलं की पुढे या आणि हातात घेऊन बघा. तीन प्लग तपकिरी आहेत. तिसऱ्या भोकातल्या प्लगच्या टोकावरून बोट फिरवा, बोटाला तेल लागेल.