श्वासावाटे येणारे रोग आणि आपले घर



वसंत व्याख्यानमालेत काव्य, इतिहास, तत्त्वज्ञान असे विषय ऐकण्याची आपणांस सवय आहे. त्या मानाने सर्दी-खोकल्याचा विषय कोणास फारच घरगुती वाटेल. परंतु तो घरगुती आहे म्हणूनच मी तो निवडला. दुसरे कारण काळाचे आहे. महिन्या-दीड महिन्यात पाऊस येईल, आपण खिडक्या लावून घेऊ, शाळा उघडतील, आणि घरोघर पडसे, खोकला, ताप यांची ये-जा सुरू होईल. आपल्याकडे इन्फ्लुएंझाचा जोर पावसाळ्यात आणि पुन्हा हिवाळ्याच्या उत्तरार्धात, असा वर्षातून दोनदा दिसतो. तहान लागल्यावर विहीर खणू नये असे आपण म्हणतो. म्हणून ही गोष्ट आजच बोललेली बरी.

मला जे सांगायचे आहे ते थोडक्यात असे. पाण्याविषयी आपण जी दक्षता शिकलो, ती हवेविषयी अजून शिकलेलो नाही. साथीच्या दिवसांत आपण पाणी उकळतो, गाळतो. दुसऱ्याच्या उष्ट्या भांड्यातले पाणी पीत नाही. पण लग्नकार्यात, वर्गात, बसगाडीत, बंद खोलीत आपण एकमेकांनी सोडलेला श्वास तासन्‌तास आत घेत असतो, आणि त्याचे आपणांस काहीच वाटत नाही. श्वासाचे रोग पसरतात ते याच वाटेने.

हे रोग किरकोळ आहेत असे मानण्याची चूक करू नये. १९१८ च्या जून महिन्यात इन्फ्लुएंझाची साथ मुंबई बंदरात उतरली. पहिली लाट सौम्य होती. लोकांना वाटले, आले तसे गेले. सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी लाट आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबई शहरात ७६८ माणसे दगावली. रेल्वेच्या मार्गाने साथ देशभर गेली. त्या साथीत हिंदुस्थानात किती माणसे मेली याचे अंदाज साधारणपणे १ कोटी २० लाख ते १ कोटी ८० लाख असे दिले जातात. १९११ ते १९२१ या दशकात या देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. आपल्या जनगणनेच्या इतिहासात असे दुसरे दशक नाही.

या आकड्यांत एक गोष्ट दडलेली आहे, आणि तिच्याकडे मी विशेषतः येथे बसलेल्या पुरुषांचे लक्ष वेधू इच्छितो. बहुतेक साथी म्हाताऱ्यांना आणि मुलांना गाठतात. या साथीत वीस ते चाळीस वर्षांची धडधाकट माणसे मेली, आणि आपल्या देशात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक मेल्या. त्याची जी कारणे त्या काळच्या जाणत्यांनी सांगितली, त्यांत एक असे, की स्त्रिया घरात कोंडलेल्या हवेत अधिक वेळ असत, आणि स्वतः आजारी असतानाही घरातील सर्वांची शुश्रूषा करीत. जिने सर्वांना पाणी दिले, तिला पाणी द्यायला मागे कोणी उरले नाही. कुटुंबाचे रक्षण म्हणजे शुश्रूषा करणाऱ्याचे रक्षण, ही गोष्ट आपण पुढे पुन्हा पाहू.

त्या वेळी रोगाचे कारणही कोणाला ठाऊक नव्हते. माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू लंडनमध्ये १९३३ साली हाती लागला. मुंगसासारखा दिसणारा फेरेट नावाचा प्राणी प्रयोगासाठी ठेवला होता. रोग्याच्या घशातील धुवण त्याच्या नाकात घालताच तो आजारी पडला. पुढे असाच एक आजारी फेरेट एका संशोधकाच्या तोंडावर शिंकला आणि संशोधकालाही इन्फ्लुएंझा झाला! श्वासावाटे रोग कसा जातो याचा इतका रोकडा पुरावा शोधून सापडणार नाही. आपल्या पुण्यातही १९५२ साली विषाणूंच्या अभ्यासासाठी संस्था निघाली. आज ती राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते.

आता हे विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे कसे जातात ते पाहू. शिंकताना आणि खोकताना मोठे थेंब उडतात. ते हात-दोन हातांवर, फार तर दीड-दोन मीटरवर खाली पडतात. पण त्यांच्याबरोबर, आणि नुसते बोलताना किंवा गाताना सुद्धा, डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. ते खाली पडत नाहीत, तरंगत राहतात. देवघरात लावलेली उदबत्ती आठवा. दारे-खिडक्या बंद असतील तर थोड्याच वेळात तिचा वास माजघरातही येतो, आणि ती विझल्यावरही बराच वेळ रेंगाळतो. खिडक्या उघड्या असतील तर धूर निघून जातो. रोग्याचा श्वास असाच वागतो. गोवराचा रोगी खोलीतून निघून गेल्यावर दोन तासांपर्यंत तेथील हवेतून गोवर लागू शकतो.

याचे एक उदाहरण सांगतो. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील स्कॅजिट येथे १० मार्च २०२० रोजी एका गायकवृंदाचा सराव झाला. आपल्याकडचे भजनी मंडळच म्हणा. ६१ माणसे अडीच तास एकत्र होती. कोरोनाची वार्ता आलेली होती, म्हणून हात स्वच्छ करण्याची सोय केली होती, हस्तांदोलनही टाळले होते. मंडळींत एकाला पडशासारखी लक्षणे होती. पुढच्या काही दिवसांत ६१ पैकी ५३ जण आजारी पडले आणि दोघे मरण पावले. हात स्वच्छ होते. पण सर्वांनी मिळून घेतलेला श्वास एकच होता.

याविषयी शास्त्रज्ञांतही मोठा वाद झाला. हा रोग हवेतून पसरत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्ये सांगितले होते. त्याच वर्षी जुलैत २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून हवेतील प्रसाराकडे लक्ष द्या असा आग्रह धरला, आणि संघटनेने आपले मत पुढे हळूहळू बदलले. तोवर आपण सर्वजण भाजीच्या जुड्या आणि दुधाच्या पिशव्या धुण्यात गुंतलो होतो. हात धुणे व्यर्थ आहे असा याचा अर्थ नव्हे. कित्येक विषाणूंवर चरबीचे वेष्टन असते आणि साबण ते फोडतो. म्हणून बाहेरून आल्यावर, जेवणापूर्वी, नाक शिंकरल्यावर वीस सेकंद साबणाने हात धुवावेत. पण तेवढ्यावर समाधान मानू नये.

मग करावे काय? पहिला उपाय फुकटचा आहे: खिडकी उघडणे. एक खिडकी उघडून काम अर्धेच होते. समोरासमोरची दोन दारे वा खिडक्या उघडल्या म्हणजे वारा खेळतो. छताचा पंखा खोलीतील हवा केवळ फिरवतो, बदलत नाही. घरोघर भिंतीवर बसवलेले वातानुकूलन यंत्रही बहुधा तीच हवा पुन्हा पुन्हा गार करते. ते चालू असले तरी मधून मधून खिडकी उघडली पाहिजे. पावसाची झड आत येत असेल तर छज्जाखालची खिडकी चार बोटे तरी उघडी ठेवा. स्वयंपाकघरातील हवा बाहेर टाकणारा पंखा पाहुणे आले असता जरूर चालवा.

जुन्या वाड्यांत चौक होता, म्हणून सारे आरोग्यदायी होते, असे मात्र नाही. त्याच वाड्यात बाळंतिणीची खोली सर्वांत अंधारी असे. दार लोटलेले, शेगडी पेटलेली, वर धुरी. तो धूर कोवळ्या फुप्फुसांना अपायकारकच. ती पद्धत अजून जेथे असेल तेथे ती थांबवावी. दुसरे असे, की बाळ पाहायला येणारी माणसे पडसे घेऊन येतात आणि बाळाचा मुका घेतात. आर. एस. व्ही. नावाचा विषाणू मोठ्या माणसाला नुसते पडसे देतो. तोच दोन महिन्यांच्या बालकाच्या फुप्फुसातील बारीक नळ्या सुजवून त्याला धाप लावतो. ‘मला सर्दी आहे, पुढच्या आठवड्यात येईन’ असे म्हणणारी आत्या ही खरी मायेची आत्या समजावी.

दुसरा उपाय लशीचा. इन्फ्लुएंझाचा विषाणू आपले रूप बदलत राहतो, म्हणून त्याची लस दरवर्षी घ्यावी लागते, आणि आपल्याकडे ती पावसाळ्यापूर्वी घेतलेली बरी. वृद्ध, गरोदर स्त्रिया, लहान मुले, मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेली माणसे आणि रुग्णसेवा करणारे यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून ती अवश्य घ्यावी. सहा महिन्यांच्या आतील बालकाला ही लस देत नाहीत. आईने गरोदरपणी ती घेतली तर तिचे संरक्षण बाळाला पहिले काही महिने मिळते. गोवराच्या लशीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान देतात. ‘गोवर सर्वांनाच येतो’ असे म्हणून तो चुकवू नका. २०२२ साली मुंबईत गोवराची साथ आली आणि मुले दगावली.

तिसरा उपाय मुखपट्टीचा. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी पुण्यात घेतला, तेव्हा या शहरात जो तो तोंडाला रुमाल बांधून हिंडत होता. रुमाल मोठे थेंब थोडेफार अडवतो. सूक्ष्म कण त्याच्या कडांतून सहज जातात. चेहऱ्याला घट्ट बसणारी एन-९५ जातीची मुखपट्टी त्याहून पुष्कळ चांगली. ती रोज लावून फिरा असे मी म्हणत नाही. पण साथीच्या दिवसांत दवाखान्यात, गर्दीच्या गाडीत, आणि स्वतःला खोकला असताना चारचौघांत जाणे भागच असेल तर लावा.

आता घरात कोणी आजारी पडले तर? इन्फ्लुएंझा झालेला माणूस ताप येण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस रोग देऊ शकतो. त्याला शक्यतो वेगळी खोली द्या, खिडकी उघडी ठेवा, आणि शुश्रूषा एकानेच करावी. जवळ जाताना दोघांनीही मुखपट्टी लावावी. हे एक माणूस म्हणजे नेहमी घरची सूनच का? ज्याची प्रकृती उत्तम आहे आणि लस झाली आहे असा मुलगा का नको? शुश्रूषा करणाऱ्याला झोप, जेवण आणि विसावा मिळतो की नाही, हे पाहणे बाकीच्यांचे काम. १९१८ सालापासून एवढे तरी आपण शिकावे.

कोणी विचारील, ‘डॉक्टर, खोली एकच आहे, तिथे वेगळी कुठून आणू?’ प्रश्न रास्त आहे. चाळीत आणि झोपडीत लाखो माणसे राहतात. तिथे रोग्याचे अंथरूण हवा बाहेर जाते त्या खिडकीशी घाला, इतरांची डोकी दुसऱ्या टोकाला ठेवा, दिवसा इतरांनी गॅलरीत किंवा ओट्यावर बसावे, आणि मुखपट्टी वापरावी. एवढ्याने धोका जात नाही, कमी होतो. बाकीचा प्रश्न घरबांधणीचा आहे, आणि तो नगरपालिकेला विचारण्याचा हक्क आपणां नागरिकांना आहे. खिडकीला खिडकी भिडवून इमारती उभ्या करू देणे हाही आरोग्याचाच विषय आहे.

औषधांविषयी दोन शब्द. प्रतिजैविके विषाणूंवर चालत नाहीत. दुकानातून परस्पर आणून घेऊ नका. इन्फ्लुएंझावर वेगळे औषध आहे, ते पहिल्या दोन दिवसांत सुरू केल्यास अधिक गुण देते. म्हणून वृद्धांच्या, गरोदर स्त्रियांच्या किंवा जुना विकार असलेल्यांच्या तापात वेळ दवडू नये. मुलांना तापात ॲस्पिरिन देऊ नये. आले-गवती चहाचा काढा घशाला बरा वाटतो, जरूर घ्या. पण तो विषाणू मारत नाही. वाफाऱ्याने तर विषाणू मरत नाहीच, उलट उकळते पातेले कलंडून मुले भाजतात.

डॉक्टरांकडे कधी धावायचे? धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, गुंगी येणे, मुलाने दूध-पाणी सोडणे, ही चिन्हे दिसताच. आणि मातांनो, घड्याळ घेऊन मूल शांत असताना त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायला शिका. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले, तर सकाळची वाट पाहू नका.

शेवटचा मुद्दा आपल्या वागणुकीचा. तापात कामावर जाणारा माणूस कर्तव्यदक्ष, अशी आपली समजूत आहे. तो कचेरीतील दहा घरांत रोग पोचवतो. परीक्षा आहे म्हणून खोकणाऱ्या मुलाला शाळेत पाठवणारे पालक तेच करतात. आणि आपल्या घरी भांडी घासायला येणारी बाई? तिला ताप आला तर ती खाडा करू शकत नाही, कारण आपण तिचा पगार कापतो. मग ती तापातच आपल्या स्वयंपाकघरात उभी राहते. तिला पगारी रजा देणे हा धर्म आहेच. पण तो ज्यांना पटत नाही त्यांनी निदान स्वतःच्या नातवंडांसाठी ती द्यावी. दाराला कितीही कड्या घातल्या तरी हवा सर्वांची एकच असते. आपले कुटुंब सुरक्षित राहावे असे वाटत असेल, तर शेजारच्याला आणि आपल्याकडे राबणाऱ्याला आजारपणात घरी राहणे परवडले पाहिजे.

तेव्हा घरी गेल्यावर तीन कामे करावीत अशी माझी विनंती आहे. गंजून बसलेली एखादी खिडकी असेल तर पाऊस येण्यापूर्वी ती उघडेल अशी करून घ्या. घरातील वृद्धांच्या आणि मुलांच्या लशींची चौकशी करा. आणि आजारपणात कोण कोणाचे करील, हे सर्वांनी बसून आधीच ठरवा. ही कामे फार खर्चाची नाहीत.