श्रेयनामावलीतील दुसरे नाव



साहित्याच्या प्राध्यापकाने चित्रपटावर, आणि तोही तैवानच्या चित्रपटावर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. त्याचे कारण एक प्रश्न आहे.

'साहित्य आणि चित्रपट' हा विषय मी बरीच वर्षे शिकवतो. त्यात हौ श्याव-श्येन यांचा 'अ सिटी ऑफ सॅडनेस' दाखवतो. १९८९ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सुवर्णसिंह मिळाला. दोन वर्षांपूर्वी चित्रपट संपल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, हा लिहिला कोणी?" मी टिपणे चाळली. दिग्दर्शकावर चार पाने होती, छायाचित्रणावर दोन. लेखकाचे नाव कुठेच नव्हते. साहित्य शिकवणाऱ्या माणसाच्या टिपणांत!

ही पटकथा वू न्येन-चन आणि चू त्येन-वेन या दोघांची. चू त्येन-वेन (जन्म १९५६) या मुळात कथाकार. वडील लेखक, आई जपानी साहित्याची अनुवादक, धाकटी बहीणही लेखिका. १९८३ मध्ये त्यांच्या एका कथेवर चित्रपट निघाला आणि त्या निमित्ताने हौ यांच्याशी जे सहकार्य सुरू झाले, ते २०१५ च्या 'द असॅसिन'पर्यंत टिकले. तीस वर्षांहून अधिक काळ!

या सहकार्याच्या आरंभीची एक गोष्ट हौ यांनी स्वतः सांगितली आहे. 'द बॉईज फ्रॉम फंगक्वे'ची तयारी चालू असताना गोष्ट कोणत्या नजरेने सांगावी, हे त्यांना उमगत नव्हते. चू यांनी त्यांना शेन त्सुंग-वेन या चिनी लेखकाचे आत्मचरित्र वाचायला दिले. माणसांच्या सुखदुःखाकडे न्यायनिवाडा न करता, जरा लांबून पाहणारे ते पुस्तक. ते वाचून हौ चित्रीकरणाच्या वेळी छायालेखकाला सांगू लागले, कॅमेरा मागे घ्या, अजून मागे. ज्या 'दूरच्या कॅमेऱ्या'चे जगभर कौतुक झाले, त्याच्या मुळाशी एका लेखिकेने योग्य वेळी हाती दिलेले पुस्तकही आहे. अशा कामाला श्रेयनामावलीत रकाना नसतो.

'सिटी ऑफ सॅडनेस'चा विषय १९४७ मधल्या दडपशाहीचा आणि हत्याकांडाचा. तैवानमधला लष्करी कायदा १९८७ मध्ये उठला, तोवर त्याबद्दल उघड बोलणे धोक्याचे होते. चित्रपटात तैवानी, मँडरिन, जपानी, कँटनीज अशा कितीतरी भाषा ऐकू येतात. पण नायक मूकबधिर आहे, तो चिठ्ठ्या लिहून बोलतो. आणि इतिहास आपल्यापर्यंत पोहोचतो तो हिनोमी या परिचारिकेच्या रोजनिशीतून आणि पत्रांतून. सत्ताधाऱ्यांची घोषणा रेडिओवरून येते, तर घरातली खरी हकीकत एका बाईच्या वहीतून. पटकथा दोघांची आहे. कोणती ओळ कोणाची, हे वेगळे काढण्याचा खटाटोप मी करणार नाही. पण पटकथाकारांचे नावच न घेता मी ही रोजनिशी इतकी वर्षे शिकवत होतो, एवढे मात्र खरे.

हे एकटे उदाहरण नव्हे. तैवानच्या नव्या सिनेमाचा आरंभ १९८२ च्या सुमारास मानतात. त्याआधी, १९८१ मध्ये, अभिनेत्री सिल्व्हिया चँग यांनी दूरचित्रवाणीसाठी 'इलेव्हन विमेन' ही मालिका निर्माण केली. तिचा आधार लेखिकांच्या कथांचा होता. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या एडवर्ड यँग यांना दिग्दर्शनाची पहिली संधी तिथे मिळाली. चँग यांनी पुढे स्वतःही दिग्दर्शन केले. १९९३ पासून तैपेईत स्त्रियांच्या चित्रपटांचा स्वतंत्र महोत्सव भरतो आहे.

आणि आता तर वही बाजूला ठेवून मुलीच कॅमेरा हाती घेत आहेत. हुआंग हुई-चेन यांच्या 'स्मॉल टॉक' या माहितीपटाला २०१७ मध्ये बर्लिनला टेडी पुरस्कार मिळाला. त्यांची आई अंत्यविधी करणारी, स्त्रियांवर प्रेम करणारी. एकाच घरात राहूनही मायलेकींत वर्षानुवर्षे मोकळे बोलणे नव्हते. लेक जेवणाच्या टेबलाशी आईसमोर बसते आणि आजवर न विचारलेले विचारते. मधली शांतता लांबत जाते. या चित्रपटाचे कार्यकारी निर्माते कोण? हौ श्याव-श्येन. तीन दशकांपूर्वी एका लेखिकेने दिलेले ऋण असेही फिटत असावे.

मित्रहो, आपण भाषेची माणसे. शब्द कोणाचा, हे विचारणे आपले कामच आहे. ते मला माझ्या विद्यार्थिनीने शिकवले. माझ्या टिपणांत आता सहा पानांची सात झाली आहेत. सातवे पान सर्वांत आधी वाचून दाखवतो.