माझी शेंगोळ्यांची फीत



मला भाषणाची सवय नाही. सातवीत शाळा सुटली, तेव्हा चुकेल ते पोटात घाला.

यूट्यूबवर घरबसल्या कार्यक्रम करणाऱ्या बायकांविषयी मी बोलणार आहे. नगरकडच्या सारोळा कासारच्या सुमनताई धामणे आपणांपैकी पुष्कळजणींनी पाहिल्या असतील. ‘आपली आजी’ म्हणतात त्यांना. २०२० साली नातवाने मोबाईल धरला आणि सत्तरीच्या बाई गावच्या बोलीत स्वयंपाक सांगू लागल्या. शाळेचे तोंड पाहिलेले नाही. सॉस, बेकिंग पावडर हे शब्द नातवाने शिकवले. त्याच वर्षी कोणी चॅनेल हॅक केले, पण ते परत मिळाले. बाई पुन्हा चुलीपुढे हजर!

पैसे मात्र लगेच मिळत नाहीत हो. लांब फिती करणारीला जाहिरातीतला वाटा हवा, तर १,००० सभासद आणि वर्षात ४,००० तास पाहणे भरावे लागते.

मीही शेंगोळ्यांची फीत केली. घरची अट होती, तोंड दिसता कामा नये. म्हणून नुसते हात दिसतात. मध्येच ह्यांचे “चहा झाला का?” ऐकू येते. भाची ते काढणार होती, मी म्हटले, राहू दे.

६१ जणांनी पाहिली. त्यांत माझी शाळेतली मैत्रीण निघाली. पंचवीस वर्षांत गाठ नव्हती. मनगटावरच्या भाजल्याच्या डागावरून तिने ओळखले आणि खाली लिहिले, “तोंड का लपवलंस गं?”

पुढची फीत मी समोर बसून करणार आहे. घरी अजून सांगितलेले नाही. आपणही इतक्यात सांगू नका.