मंगरूळपीरच्या अंगणात मोझेस

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्या सिनेमाचा जन्म कुठे झाला असं कुणी विचारलं, तर आपण मुंबई, नाशिक, कोल्हापूर अशी नावं घेतो. पण जरा मागे गेलं, तर तो एका प्रेक्षकाच्या मनात झाला असं म्हणावं लागतं. १९१०-११ च्या सुमारास मुंबईच्या एका तंबूतल्या खेळात धुंडिराज गोविंद फाळके यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत होता आणि फाळक्यांच्या डोळ्यांपुढे मात्र राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या येत होती. हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, त्याची सुरुवात ही अशी परक्या देवाच्या सिनेमातून झाली.

त्यानंतर धार्मिक सिनेमा आणि आपला प्रेक्षक यांचं नातं भक्तीचंच राहिलं. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम पडद्यावर आला की लोक पायताणं काढून बसत. ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो ५७ आठवडे चालला आणि विष्णुपंत पागनिसांना लोक तुकोबाच समजू लागले. १९७५ मध्ये ‘जय संतोषी माँ’ला पडद्यावर फुलं आणि नाणी पडली. १९८७ मध्ये दूरदर्शनवर रामायण सुरू झालं, तेव्हा रविवारी सकाळी टीव्हीला हार घालणारी घरं आमच्याही गावात होती.

देव आपला असला की प्रेक्षक हात जोडतो. तो आपला नसला तर काय करतो? आज मला त्याबद्दल बोलायचं आहे.

सेसिल बी. डीमिल या अमेरिकन दिग्दर्शकाचा ‘द टेन कमांडमेंट्स’ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. ८ नोव्हेंबर १९५६ ला तो न्यूयॉर्कमध्ये प्रथम दाखवला गेला. लांबी तीन तास चाळीस मिनिटं. चार्ल्टन हेस्टन मोझेस झाला होता आणि यूल ब्रिनर इजिप्तचा राजा रॅमसीस. याच कथेवर डीमिलने १९२३ मध्ये मूकपट काढला होता. तेहतीस वर्षांनी तो पुन्हा तिच्याकडे वळला, काही भागाच्या चित्रीकरणासाठी इजिप्तमध्ये गेला, हजारो माणसं गोळा केली आणि तिथेच त्याला हृदयविकाराचा झटका आला. तरी त्याने सिनेमा पुरा केला. तेव्हाच्या समीक्षकांत दोन तट होते. काहींना भव्यता भावली, काहींना संवाद नाटकी वाटले. प्रेक्षकांनी मात्र विक्रमी गर्दी केली.

गोष्ट थोडक्यात सांगतो. इजिप्तमध्ये हिब्रू लोक गुलाम आहेत. त्यांच्यातला तारणहार जन्माला येणार, या भीतीने राजा त्यांची नवजात मुलं मारण्याचा हुकूम देतो. एक आई आपलं बाळ टोपलीत घालून नाईल नदीत सोडते. ते राजकन्येला सापडतं आणि राजवाड्यात वाढतं. मोठेपणी आपण गुलामांच्या पोटचे आहोत हे त्याला कळतं. पुढे देवाच्या आज्ञेने तो आपल्या लोकांना सोडवतो, समुद्र दुभंगतो, आणि सिनाय पर्वतावर त्याला दहा आज्ञा मिळतात. मराठी बायबलात हा मोशे, कुराणात हाच मूसा.

आमचं गाव मंगरूळपीर, वाशीम जिल्ह्यातलं. गावाच्या नावातला ‘पीर’ दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्यामुळे आला आणि बिरबलनाथ महाराजांची यात्राही याच गावात भरते. काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात हा सिनेमा आम्ही घरच्या अंगणात, भिंतीवर चादर बांधून, दोन रात्रींत पाहिला. पंधरा-वीस माणसं होती. पुतण्या इंग्रजी संवादांचा अर्थ मधूनमधून सांगत होता. दोन्ही रात्री सिनेमा संपल्यावर शेकोटीपाशी जी चर्चा झाली, ती मला सिनेमाइतकीच लक्षात राहिली.

पहिलं मत शेजारच्या मावशींचं. वय ऐंशीच्या घरात, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण आयुष्यभर कीर्तनं आणि पोथ्या ऐकलेल्या. टोपली पाण्यात सोडली तशा त्या म्हणाल्या, “हे तं कुंतीनं कर्णाले सोडलं तसंच झालं.” राजाचा हुकूम ऐकून म्हणाल्या, “हा कंस हाय.” आणि समुद्र दुभंगला तेव्हा, “यमुनेनं वसुदेवाले वाट देल्ली, तशी.” मावशींना पुतण्याच्या भाषांतराची गरज फारशी पडलीच नाही.

तरुण पोरांचं मत वेगळं. त्यांना समुद्राचा प्रसंग ‘खोटा दिसतो’ असं वाटलं. संगणकावरचे चमत्कार पाहून तयार झालेली नजर ती. मग मी त्यांना सांगितलं की, त्या काळी संगणकाची मदत नव्हती. प्रचंड मोठ्या टाकीत दोन्ही बाजूंनी पाणी कोसळवलं, त्याचं चित्रण केलं आणि ते उलटं फिरवलं. कोसळणारं पाणी वर चढताना दिसलं. यासाठी जॉन फुल्टन यांना ऑस्कर मिळालं. हे ऐकल्यावर पोरांनी तो प्रसंग पुन्हा लावायला सांगितला आणि या खेपेला चमत्कार म्हणून नव्हे, कारागिरी म्हणून पाहिला.

त्यांच्यातलाच एक जण काही हंगाम वीटभट्टीवर राबलेला. तो समुद्राबद्दल काहीच बोलला नाही. गुलाम चिखलात उतरून गवताची काडं टाकतात आणि पायांनी गारा तुडवतात, ते दृश्य त्याने धरून ठेवलं. पुढे राजा काड बंद करतो, पण विटांची संख्या तेवढीच मागतो. तो पोरगा म्हणाला, “कच्च्या विटेत काड नसलं तं ते वाळताना तडकते. तडकलेली वीट मुकादम मोजत नाही. राजाले हे बरोबर माहीत होतं.” जुलूम कसा केला जातो, हे इतक्या थोडक्या शब्दांत मी क्वचित ऐकलं आहे.

माझे एक वर्गमित्र दर्ग्याजवळ राहतात. त्यांना बोलावलं तेव्हा ते म्हणाले, “येईन, पण पाहणार नाही. पैगंबरांचं सोंग कुणी घ्यावं आणि ते आपण पाहावं, हे आम्हाला चालत नाही.” दोन्ही रात्री ते आले आणि पडद्याकडे पाठ करून शेकोटीपाशी बसले. गोष्ट त्यांना आमच्यापेक्षा जास्त पाठ होती. बाळ राजकन्येने उचललं म्हटल्यावर त्यांनी दुरुस्ती केली, “आमच्याकडे फिरऔनची बायको, बीबी आसिया.” राजकुमार मोझेसवर जीव टाकणारी नेफ्रेतिरी आली, तेव्हा ते हसले, “ही मात्र सिनेमावाल्याची.” खरंच आहे, बायबलातही तिची प्रेमकथा नाही. शेवटी त्यांनी विचारलं, “फिरऔन बुडाला का?” मी म्हटलं, “नाही, त्याचं सैन्य बुडतं. तो परत राजवाड्यात जातो.” ते मान हलवून म्हणाले, “मग न्याय अर्धाच झाला.” कुराणात तो बुडतो, आणि बुडताना त्याला सत्य कळतं, पण तेव्हा उशीर झालेला असतो.

आमच्यात एक निवृत्त गुरुजी होते. त्यांचे वडील १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षेसाठी गेलेले. सिनेमाची तारीख ऐकून गुरुजी सावरून बसले. दीक्षेनंतर महिन्याच्या आत हा सिनेमा तिकडे अमेरिकेत पडद्यावर आला होता. दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण बाबासाहेबांना मोझेस जवळचा वाटत असे, हे खरं आहे. १९४१ साली त्यांनी त्याच्यावर इंग्रजीत एक लेख लिहिला होता. गुरुजींना तो माहीत होता. सिनेमात सोन्याचं वासरू येतं, तो प्रसंग त्यांना सगळ्यांत मोलाचा वाटला. मोझेस आज्ञा आणायला पर्वतावर जातो. चाळीस दिवसांत खाली लोक सोन्याचं वासरू ओततात आणि त्याच्यापुढे नाचतात. गुरुजी म्हणाले, “बेड्या तुटल्या म्हणून गुलामी जात नाही. म्हणून तर बावीस प्रतिज्ञा द्याव्या लागल्या.” सिनेमाच्या अखेरीस म्हातारा मोझेस लोकांना वचनदत्त भूमीच्या वाटेला लावतो आणि स्वतः मागे राहतो. तेव्हा गुरुजी उठून बाजूला गेले. दीक्षा दिल्यानंतर त्रेपन्न दिवसांत, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. गुरुजींच्या वडिलांनी त्या दोन महिन्यांत दोन प्रवास केले होते.

इथवर प्रत्येकाला आपापली गोष्ट सापडली होती. खरा वाद झाला तो एका रात्रीच्या प्रसंगावरून. राजा ऐकत नाही म्हणून इजिप्तवर एकामागून एक संकटं येतात आणि अखेरच्या रात्री प्रत्येक घरातलं पहिलं मूल मरतं. हिब्रूंच्या दारांना कोकराचं रक्त लावलेलं असतं, ती घरं वाचतात. पडद्यावर हिरवट धुकं रस्त्यारस्त्यांतून सरकतं आणि घराघरांतून किंकाळ्या उठतात.

मावशी एकदम बोलल्या, “त्या लेकराईनं काय केलं होतं?”

गुरुजी म्हणाले, “राजाने आधी यांची लेकरं मारली होती ना? तेव्हा ती प्रजा गप्प बसली होती.”

“माय गप्प बसली म्हून लेकराले शिक्षा?” मावशी म्हणाल्या. “कंसानं लेकरं मारली तं पाप. अन् देवानं मारली तं न्याय?”

कुणाकडेच उत्तर नव्हतं. सिनेमाने उत्तर दिलं होतं असंही नाही. तिथे रॅमसीस स्वतःच हिब्रूंची मुलं मारण्याचं बोलतो आणि तेच त्याच्यावर उलटतं. गुरुजींना हे पटलं. मावशींना नाही. राजाचं ठीक, पण पाणी भरणाऱ्या बाईचं काय, असं त्यांचं म्हणणं. शेकोटीपाशी बसलेले माझे मित्र शांतपणे म्हणाले, “कुराणात तुफान आहे, टोळ आहेत, उवा, बेडूक, रक्त आहे. ही रात्र त्या यादीत नाही.” ते जिंकण्यासाठी म्हणाले नाहीत. मावशींना धीर द्यावा तसं म्हणाले.

ही कथा मुळात ज्यांची, त्या ज्यू लोकांकडे काय आहे, ते मी नंतर शोधलं. आपल्या कोकणात शनवार तेली म्हणून ओळखले जाणारे बेने इस्राएल लोक मराठीच बोलत आले. हा समाज आता थोडका उरला, पण वल्हांडणाचा सण, म्हणजे इजिप्तमधून सुटल्याची आठवण, त्यांचीही आहे. या सणाच्या रात्री दहा संकटांची नावं घेताना पेल्यातला द्राक्षरस थेंबथेंब बाहेर काढायची रीत ज्यू लोकांत आहे. तिचा एक अर्थ असा सांगतात की, आपल्या सुटकेसाठी दुसऱ्यांना दुःख भोगावं लागलं, तेव्हा आपला आनंदाचा पेला काठोकाठ भरलेला नसावा. मावशींना जे खटकलं, ते त्या कथेच्या वारसदारांनाही खटकलेलं दिसतं. त्यांनी ते विधीत जपून ठेवलं. मावशींना हे सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “मंग ते लोक शहाणे हायेत.”

श्रोतेहो, धार्मिक सिनेमाबद्दल आज बोलणं अवघड झालं आहे. कुणाच्या भावना कशाने दुखावतील, या धाकाने लोक एक तर हात जोडतात, नाही तर तोंड बंद ठेवतात. आमच्या अंगणात चार वेगवेगळ्या घरांतली माणसं एका पवित्र कथेवर दोन रात्री बोलली. एकाने न पाहण्याचा आपला हक्क पाळला, तरी तो बैठकीत राहिला. एकीने देवालाच जाब विचारला आणि तिला कुणी गप्प केलं नाही. श्रद्धा कुणाचीही कमी झाली नाही. उलट, दुसऱ्याच्या पोथीत काय लिहिलं आहे, हे प्रत्येकाला थोडं अधिक कळलं.

सिनेमाच्या आरंभी डीमिल स्वतः पडद्यापुढे येतो आणि प्रेक्षकांशी बोलतो. माणसं देवाच्या कायद्याने चालावीत की एखाद्या हुकूमशहाच्या लहरीने, हा या कथेचा विषय आहे, असं तो सांगतो. त्याच्या मते उत्तर उघड होतं. मला वाटतं, त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट लागते. कायदा कुणाचाही असो, त्याच्यापुढे उभं राहून “त्या लेकराईनं काय केलं होतं?” असं विचारणारं माणूस गावात असावं लागतं, आणि त्याचं ऐकून घेणारी चार माणसंही. तुमच्या घरी असा एखादा सिनेमा पाहाल, तेव्हा पडदा मिटल्यावर लगेच उठू नका. सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला आणि सगळ्यांत कमी बोलणाऱ्या माणसाला विचारा, तुम्हाला काय वाटलं?