पिल्लू घरी आणण्यापूर्वी



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून कुत्र्याच्या पिल्लावर बोलावे, हे काही श्रोत्यांना चमत्कारिक वाटेल. जेथे वेदान्तावर आणि अर्थकारणावर व्याख्याने होतात, तेथे हे श्वानपुराण कशाला, असे कोणी विचारले तर तो प्रश्न गैर म्हणता येणार नाही. परंतु आपल्या गावात जे नवे घडते आहे त्याचा विचार करणे हेही व्याख्यानमालेचेच काम आहे. आणि रत्नागिरीत अलीकडे एक नवी गोष्ट रूढ झाली आहे. ती म्हणजे कुत्रा विकत घेण्याची.

कोकणातल्या घराला कुत्रा नवा नाही. वाडीत कुत्री व्याली की तिच्या पिल्लांतले एखादे आपल्या खळ्यात येऊन राही, उरलासुरला पेजभात खाई आणि वर्षाच्या आत घरचे होऊन जाई. त्याची आई कोण, ती कोणाच्या पडवीत व्याली, हे साऱ्या वाडीला ठाऊक असे. त्यांतली कितीतरी पिल्ले पहिल्याच पावसाळ्यात मरत, हेही खरे. पण त्याची नोंद कोणी ठेवीत नसे. आता पिल्लू येते ते आंबा घाट उतरून कोल्हापूरकडून, नाहीतर मुंबई-पुण्याकडून. ते लॅब्रॅडोर असते, पग असते, जर्मन शेफर्ड असते. त्याला काही हजार रुपये मोजलेले असतात आणि घरातल्या मुलांनी आठ दिवस आधीच त्याचे नाव ठरवून ठेवलेले असते. फक्त एक गोष्ट कोणाला ठाऊक नसते. त्याची आई कोण आणि ते कोठे वाढले.

आमच्या आजच्या सांगण्याचे सार या एका वाक्यात आहे. पिल्लाचे आरोग्य पाहावयाचे असेल तर आधी त्याची आई आणि तिची जागा पाहा. हे असे का, ते आता क्रमाने सांगतो.

महाभारताच्या आदिपर्वात सरमेची गोष्ट आहे. जनमेजयाचे सत्र चालू असता देवशुनी सरमेचे पिल्लू तेथे आले. त्याने हविर्द्रव्याकडे पाहिले नव्हते की त्याला तोंड लावले नव्हते. तरी राजाच्या भावांनी त्याला मारले. रडत आलेल्या पिल्लाची बाजू घेऊन सरमा विचारावयास गेली, तेव्हा तिला कोणी उत्तर दिले नाही. तिने शाप दिला, की तुमच्यावर न दिसणारे भय येईल. शापाचा भाग सोडून द्या. परंतु ‘न दिसणारे भय’ हे शब्द आम्हांला आजच्या विषयाला फार लागू वाटतात. कारण पिल्लाचे बहुतेक मोठे रोग विकत घेण्याच्या दिवशी दिसतच नाहीत.

पार्व्हो या रोगाचेच पाहा. १९७८ च्या सुमारास हा विषाणू प्रथम लक्षात आला आणि थोड्याच काळात जगभर पसरला. तो पिल्लाच्या पोटात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणपणे तीन ते सात दिवस, क्वचित त्याहून जास्त जातात. म्हणजे सोमवारी लागण झालेले पिल्लू बुधवारी आपण आणले, तर ते उड्या मारीतच घरी येईल आणि शनिवारी-रविवारी निपचित पडेल. विकणारा म्हणेल, ‘माझ्याकडून धडधाकट गेले होते’. घेणारा म्हणेल, ‘आम्ही तर त्याला फुलासारखे ठेवले होते.’ दोघेही आपल्या परीने खरे बोलत असतील. डिस्टेंपरची गत अशीच. आधी डोळ्यांतून-नाकातून पाणी, ताप, खोकला. आणि तेवढ्यावरून माणसाला वाटते, की सर्दी झाली असेल. काही आठवड्यांनी झटके येऊ लागतात, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

मग निसर्गाने या दुबळ्या जीवाला काहीच कवच दिले नाही काय? दिले आहे. गाय व्याल्यावर पहिल्या दुधाला आपण चीक म्हणतो. कुत्रीलाही तसाच चीक येतो, आणि जन्मानंतरच्या पहिल्या दिवसात तो पोटात गेला तर आईच्या अंगची रोगप्रतिकारक द्रव्ये पिल्लाला मिळतात. अर्थात् आईला लस टोचलेली असेल तरच ही शिदोरी भरपूर असते. ती शिदोरीही हळूहळू संपते. सहाव्या आठवड्यापासून सोळाव्या आठवड्यापर्यंत केव्हातरी एक काळ असा येतो, की आईकडून आलेली शक्ती रोगाला अडविण्यास अपुरी पडते, परंतु टोचलेल्या लसीला निष्फळ करण्याइतकी मात्र शिल्लक असते. हा काळ कोणत्या पिल्लाला कधी येईल, हे नुसते पाहून सांगता येत नाही. म्हणूनच सहा ते आठ आठवड्यांपासून, दर तीन-चार आठवड्यांनी, सोळावा आठवडा पुरा होईपर्यंत लस पुन्हा पुन्हा टोचावी लागते. ‘एक इंजेक्शन झाले आहे, आता काळजी नको,’ असे विकणारा सांगतो, त्यावर विसंबून कितीतरी पिल्ले दगावतात.

आईपासून पिल्लू किती दिवसांनी तोडावे, हा प्रश्न येथेच येतो. २०१७ साली केंद्र सरकारने कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसंबंधी नियम केले. त्यांप्रमाणे पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे; आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता कामा नये; कुत्री दीड वर्षाची होण्यापूर्वी तिला पैदाशीस लावता कामा नये; आणि वर्षभरात तिच्याकडून एकाहून अधिक वेत घेता कामा नये. घेणाऱ्याला खाण्याची, लसींची आणि जंतांच्या औषधाची माहिती लेखी द्यावी, असेही त्यात आहे. नियम चांगले आहेत. पण तीस-पस्तीस दिवसांचे, मुठीत मावणारे पिल्लू हवे, असा हट्ट घेणाराच धरतो. आणि गिऱ्हाइकाला जे हवे ते बाजार पुरवितो. आईजवळचे शेवटचे चार आठवडे तोडले, की पिल्लाचे पोट, त्याची वाढ आणि त्याचा स्वभाव या तिन्हींचे नुकसान होते. भावंडांत खेळताना जोराने चावू नये हे पिल्लू शिकते. ते तेथे शिकले नाही, तर पुढे आपल्या मुलांच्या हातांवर शिकते.

तेव्हा पिल्लू घेण्यासाठी जाल, तेव्हा स्टँडवर वा रस्त्याच्या कडेला टोपलीतून हातात घेऊ नका. विकणाऱ्याच्या घरी जा. आई पाहा. ती फार खंगलेली आहे काय, माणसाला घाबरते काय, तिच्या अंगावर गोचिड आहेत काय? जागा पाहा. जमीन कोरडी आहे काय, शी तशीच पडून आहे काय, वास कसा येतो? पिल्लांपैकी एक जरी ओकत असेल वा जुलाबाने मलूल असेल, तर उरलेल्यांतले सर्वांत गोजिरवाणेसुद्धा त्या दिवशी उचलू नका. पिल्लाचे डोळे-नाक स्वच्छ असावे, हिरड्या गुलाबी असाव्यात. फिकट हिरड्या आणि नगाऱ्यासारखे पोट ही जंतांची खूण समजावी. लस टोचल्याची वही मागा. तीत तारीख, लसीचे लेबल आणि पशुवैद्याची सही असली पाहिजे. वंशावळीचा कागद पुष्कळ जण अभिमानाने दाखवितात. त्यावरून आजा-पणजा कळतो. आज पोटात काय चालले आहे ते कळत नाही.

जातीविषयीही दोन शब्द. पगसारखी चपट्या नाकाची कुत्री २००३ च्या एका टेलिफोनच्या जाहिरातीनंतर घरोघर झाली. त्यांची श्वासाची वाट जन्मतःच अरुंद असते, आणि कुत्रा आपले अंग थंड करतो ते मुख्यतः धापा टाकून. वैशाखातला आपला दमट उकाडा त्यांना किती जड जात असेल याचा विचार करावा. दाट केसांच्या हस्कीची कथा याहून वेगळी नाही. लॅब्रॅडोर आणि जर्मन शेफर्ड यांत मागच्या पायांचा खुबा सदोष असण्याचा विकार आईबापांकडून येतो. म्हणून आईबाप कसे चालतात तेही पाहून घ्यावे.

आता पिल्लू घरी आले असे समजू. प्रवासात ऊन लागू देऊ नये आणि निघण्याच्या तोंडावर पोटभर खाऊ घालू नये. घरी आल्यावर ते जे खात होते तेच चार-सहा दिवस द्यावे. एकदम गाईचे दूध पाजले तर बहुधा जुलाब होतात. एक-दोन दिवसांतच त्याला पशुवैद्याकडे न्यावे, परंतु दवाखान्याच्या जमिनीवर मोकळे सोडू नये, मांडीवरच ठेवावे; कारण आजारी कुत्रीही तेथेच येतात. जंतांचे औषध चुकवू नये. गोल जंत तर आईच्या पोटात असतानाच पिल्लात येतात आणि त्यांची अंडी मातीतून मुलांच्या पोटात जाऊ शकतात. म्हणून पिल्लाची शी लगेच उचलावी आणि खेळून झाल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावेत.

घरात पूर्वी एखादे पिल्लू पार्व्होने गेले असेल, तर आमचे सांगणे विशेष लक्षात ठेवावे. हा विषाणू जमिनीत कित्येक महिने, वर्षभरही टिकतो. फरशी असेल तर ती आधी घासून धुऊन मग ब्लीचच्या पाण्याने पुसता येते. पण सारवलेले खळे आणि जांभ्याचा सच्छिद्र चिरा यांतून तो काढणे कठीण. शेणामातीत ब्लीचचा जोरही मरतो. अशा घरी लसी पुऱ्या झालेलेच पिल्लू आणावे.

आणि येथे आपल्या कोकणाचा एक खास हिशेब आहे. मुलांची सुटी म्हणून पिल्लू आणतात ते मे महिन्यात. मेच्या मध्याला आठ आठवड्यांचे असलेले पिल्लू सोळा आठवड्यांचे होते जुलैच्या मध्याला. म्हणजे मृग बरसतो, गटारे भरून वाहतात, बिळांतले उंदीर घरांकडे येतात, नेमका त्या वेळी त्याच्या लसी अर्ध्यावर असतात. शंभर इंचांहून अधिक पाऊस पडणाऱ्या या मुलखात उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात मिसळणारा लेप्टोचा जंतू ही साधी गोष्ट नव्हे. मुंबईत २६ जुलै २००५ च्या पुरानंतर या रोगाने माणसेही दगावली. कुत्र्यालाही तो होतो आणि त्याच्या मुतातून पुढे जाऊ शकतो. म्हणून लेप्टोची लस कधी द्यावयाची ते पशुवैद्याला आवर्जून विचारावे, आणि पहिल्या पावसात पिल्लू साचलेल्या पाण्यात सोडू नये. गोचिडांचीही रोज झडती घ्यावी. कान, मान आणि बोटांच्या बेचक्या ही त्यांची ठाणी. त्यांच्या चाव्यातून रक्ताचे रोग शिरतात.

पिल्लू खाईनासे झाले, ओकू लागले, दुर्गंधीचे रक्तमिश्रित जुलाब झाले, तर ‘उद्या बघू’ म्हणू नये. लहान जिवाच्या अंगातले पाणी एका रात्रीत आटते. पार्व्होच्या विषाणूवर हमखास औषध नाही. पण शिरेतून सलाइन आणि नीट शुश्रूषा वेळेवर मिळाली तर पुष्कळ पिल्ले वाचतात. माणसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या मात्र कुत्र्याला कधीही देऊ नयेत. त्या विषासारख्या बाधू शकतात.

शेवटी, ज्याने घरच्या माणसाचा जीव जातो त्या रेबीजविषयी. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत लागण कुत्र्यांपासून होते, आणि लक्षणे दिसल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. ‘एवढेसे पिल्लू, त्याच्या दातांनी काय होणार?’ हा समज जिवावर बेततो. लस न झालेल्या पिल्लाला दुसऱ्या कुत्र्याने केव्हा ओरबाडले हे आपणांस ठाऊक नसते. पिल्लाचा दात वा नख लागून रक्त आले, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी. हळद, चुना, मिरची काहीही भरू नये, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. पोटात टोचावयाच्या चौदा इंजेक्शनांची धास्ती वडीलधाऱ्यांच्या मनात अजून आहे. ती जुनी लस आपल्या देशात २००५ च्या सुमारासच बंद झाली. आता दंडात मोजक्या सुया घ्याव्या लागतात. पिल्लाला रेबीजची लस तिसरा महिना पुरा झाल्यावर द्यावी आणि पुढे पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणे चालू ठेवावी. आपल्या शेजारच्या गोव्यात गावोगावच्या कुत्र्यांना सातत्याने लस टोचण्याची मोठी मोहीम झाली, आणि २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित प्रदेश म्हणून जाहीर झाले. गोव्याला जे जमले ते आपल्याला जमू नये असे काही नाही.

कोणी म्हणेल, एका पिल्लासाठी एवढी यातायात करावयाची तर ते न आणलेले बरे. आमचे त्यावर म्हणणे असे, की ज्याला ही यातायात नको त्याने खरोखरच आणू नये. त्यात कमीपणा नाही. ज्याला हौस आहे त्याने पिल्लाच्या किमतीइतकीच रक्कम पहिल्या वर्षाच्या लसी-औषधांसाठी बाजूला ठेवून मग घराबाहेर पडावे. आणि दूर जाणे नको असेल, तर आपल्याच आळीतल्या कुत्रीचे गावठी पिल्लू आहे. ते आपल्या हवेला सरावलेले असते आणि त्याची आईही समोर असते. मात्र लसी त्यालाही तितक्याच लागतात.

आज येथून गेल्यावर आपल्यापैकी कोणी पिल्लू आणण्याच्या विचारात असेल, तर विकणाऱ्याला किंमत विचारण्याआधी एकच प्रश्न विचारावा: ‘याची आई दाखवता काय?’ तो हो म्हणाला, तर पुढचे बोलणे करावे. टाळाटाळ करू लागला, तर मुलांची समजूत घालून रिकाम्या हाताने परत यावे. मुलांचे एक संध्याकाळचे रडणे सोसता येते. आठ दिवस मांडीवर खेळलेले पिल्लू डोळ्यांसमोर जाताना मुलांनी पाहावे, हे सोसत नाही.